मामाचं पिवळं

चैत्र शुद्ध १, शके १८७०. पाडवा.

मास्तर परवा वाशीमकडे निघून गेले. इकडे दिवस बरे नाहीत. शाळेत पोरं येत नाहीत, पगाराचा पत्ता नाही, म्हणून गेले. जाताना ही वही आणि अर्धी शिसपेन्सिल मला दिली. म्हणाले, "उकंडराव, तुम्ही बोलताना सारखे समोरच्याच्या तोंडाकडे पाहता. तो हसला की हसता, तो उठला की उठता. रोज लिहीत जा. आज काय केलं आणि कशासाठी केलं, एवढंच. पण खरं लिहा. माणसाला स्वतःची ओळख होते."

मी तिसरीपर्यंत शिकलो. अक्षर वेडंवाकडं आहे, पण लागतं.

मास्तर मला राव म्हणत. आमच्या साखऱ्यात दुसरं कोणी म्हणत नाही. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मी जन्मलो तेव्हा मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि उकंडा नाव ठेवलं. देवानं कचरा समजून सोडून द्यावं म्हणून. देवानं सोडलं. लोकांनी मात्र धरून ठेवलं.

मास्तर आणखी एक बोलले होते, ते मी मनाशी पक्कं केलं आहे. "आपला मान आपण राखला तर लोक राखतात."

आज गुढी उभारली. संध्याकाळी पारावर गेलो. कोणी सरकून जागा दिली नाही. थोडा वेळ उभा राहिलो, मग बैलांना पाणी दाखवायचं आहे असं म्हणून परतलो. पाणी दुपारीच दाखवलं होतं. पारावर कशासाठी गेलो? गुढ्या पाहायला.

चैत्र शुद्ध ८.

पेटीतले कपडे उन्हात घातले. तळाशी पिवळं आहे. सेनगावच्या गुलाबचंदच्या दुकानातून दिवाळीत आणलं. माझ्या बहिणीच्या, नर्मदेच्या धाकट्या लेकीसाठी. तिचं नाव चतुरा. लग्न अजून ठरलेलं नाही, पण घेऊन ठेवलेलं बरं. आमच्याकडे मामानं आणलेलं पिवळं लुगडं नेसल्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढत नाही, आणि अंतरपाट धरला की मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. हा मान दुसऱ्या कोणाचा नाही. पाटलाचाही नाही.

नर्मदेला भाऊ मी एकटाच. तिच्या गावात पटकी आली होती तेव्हा चतुरी दोन वर्षं आमच्याकडे होती. माझ्या खांद्यावर बसून शेतात यायची. ती मला नुसतं 'मामा' म्हणते. साखऱ्याचा मामा नाही, उकंडमामा नाही. जगात मामा एकच असल्यासारखं.

तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मी पाठीशी उभा राहिलो होतो. नंतर संतरामदाजींनी, नर्मदेच्या नवऱ्यानं, पागोटी वाटली. आधी पाटलाला, मग व्याह्यांना, मग लांबच्या सोयऱ्यांना. ताट रिकामं झालं तेव्हा कोणीतरी ओरडलं, "अरे, उकंड्या राहिला की!" सगळा मांडव हसला. घरातून एक जुनं पागोटं आणून माझ्या डोक्याला गुंडाळलं. त्याला दुसऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. त्याला किती वर्षं झाली. वास अजून येतो.

चैत्र वद्य ६.

कनेरगावाकडून मुंजाजी न्हावी आला. नर्मदेच्या गावचा. अक्षत घेऊन आला. चतुरीचं लग्न. आखजीला, अक्षय तृतीयेला. नवरदेव निजामाच्या नाक्यापलीकडचा, वऱ्हाडातला, आणि लग्नही तिकडेच, त्यांच्या दारात.

मी विचारलं, "ठरलं कवा?"

"परवा की. आखजीला मुहूर्त पाहा लागत न्हाई, म्हून तोच दिस धरला."

"मला इचारलं न्हाई."

"मामा, इचारायला सवड कुठं व्हती? जो तो लेकी-सुना नाक्यापलीकडं पोचवून राहिला. रझाकारांचं कवा काय व्हईल नेम न्हाई. त्यात मालकाला धाप लागते. खाटेवरून उठवत न्हाई. डोळ्यादेखत पोरगी उजवायची म्हनतेत."

"दाजीला उठवत न्हाई तर घरचं दुसरं मानूस यावं. न्हाव्याच्या हातानं मामाला अक्षत? मानूस धाडता येत न्हाई का?"

"मंग मी काय बैल हाव?" असं म्हणून तो खदखदून हसला.

मी हसलो नाही. मास्तरांचे शब्द ध्यानात ठेवले. त्याला सांगितलं, "दाजीला म्हनावं, उकंडराव बोलावल्यानं येत न्हाई. न्यायला आल्यावर येतो."

तो डोकं खाजवत उठला. जाताना एक गाडगं पुढं केलं. "चतुराबाईनं धाडलं. जवसाची चटनी. म्हनली, मामाला सांग, लसून जास्त घातला."

गोड बोलून काम काढायची रीत. गाडगं ठेवून घेतलं, कारण आलेली वस्तू परत पाठवणं बरं दिसत नाही.

आज हे कशासाठी केलं? मान राखण्यासाठी. पहिल्यांदाच उत्तर स्वच्छ लिहिता आलं. मास्तर असते तर बरं वाटलं असतं.

चैत्र वद्य ७.

अनुसया, माझी बायको, सकाळपासून भांडी आपटते आहे.

"रुसवा नवरदेवाचा आसतो. विहिनीचा आसतो. मामाचा रुसवा कुठं ऐकला न्हाई बाई."

"आता ऐक."

"तिकडं मानूस मराय टेकलं."

"मराय टेकलेलं मानूस लगीन ठरवतं का?"

"मराय टेकलं म्हूनच ठरवतंय!"

बायकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

उत्तमनं, माझ्या मुलानं, गाडीला वंगण घातलं. "बाबा, कवा निघायचं?" म्हणाला. मी सांगितलं, आपण निघत नसतो, आपल्याला नेतात. त्यानं लेकीला कडेवर घेतलेल्या सुनेकडे पाहिलं. शालूनं मान खाली घातली. हसली की काय ते दिसलं नाही.

पिवळं पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. पिवळ्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढायची नाही. म्हणजे त्यांना यावंच लागणार. मग मी अंथरूण घेऊन शेतातल्या गवती कोपीत आलो. रुसलेल्या माणसानं घरात जेवू नये. भाकरी शालू इथं आणून देते.

चैत्र वद्य ९.

मसाजी धनगराची मेंढरं माझ्या रानात खताला बसली आहेत. तो दिवसभर बाभळीखाली लोकर कातत असतो. गावचाच आहे, पण गावाच्या कडेचा. पारावर त्यालाही कोणी जागा देत नाही. तो मागतही नाही. खाली मातीत बसतो आणि खुशाल तंबाखू मळतो. त्याला लाज नाही असं मी समजतो.

"उकंडबा, रानात मुक्काम काहून?"

"हवा बरी आहे."

"वैशाखाच्या तोंडाला?"

मग त्याला सांगितलं. कोणाला तरी सांगावं लागतंच. त्यानं चाती फिरवता फिरवता ऐकून घेतलं.

"रुसलाव तर रुसा. पन रुसल्यालं मानूस सापडंल असं बसावं, उकंडबा. तुमी बसलाव आंब्याच्या मागं. समजूत घालनारं वाटेनं येईल अन् तसंच फुडं जाईल."

दुपारी खाट बांधाकडे सरकवली. तिथून सेनगावची वाट लांबपर्यंत दिसते. सरकवली ती सावलीसाठी. बांधावर झाड नाही हे खरं, पण संध्याकाळी बाभळीची सावली पोचते.

चटणी चांगली झाली आहे. लसूण मला असाच लागतो, हे पोरीच्या लक्षात राहिलं. निम्मी संपली.

चैत्र वद्य ११.

कोणी आलं नाही.

लहानपणीची एक गोष्ट मधूनच आठवत राहते. मी रुसून गोठ्यात जाऊन बसायचो. बाबा खळ्यावरून आले की येतील, हात धरून नेतील, असं वाटायचं. बाबा यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे. नर्मदा तेव्हा एवढीशी होती. ती परकराच्या ओच्यात गुळाचा खडा घेऊन यायची. "दादा, घे ना." मी घेत नसे. तिच्याकडून घेतला असता तर मग बाबा कशाला आले असते? ती खडा माझ्याजवळ ठेवून जायची. मुंग्या लागायच्या.

हे इथं कशासाठी लिहिलं ते सांगता येत नाही. विषय दुसरा चालला होता.

चैत्र वद्य १३.

आज नर्मदा आली.

दुपारी वाटेवर गाडी दिसली. हाकायला मुंजाजी, मागे पदर घेतलेली एक बाई. आणखी कोणी नाही. दाजी नाहीत, दाजींचा भाऊ नाही, हलगी नाही. बाईमाणसाला पुढे करून मामाला गुंडाळायचा बेत दिसला. मी खाटेवरून उठलो आणि ओढ्याकाठच्या घाणेरीच्या जाळीत जाऊन बसलो. घाईत जोडे घालायचे राहिले. जमीन तव्यासारखी होती.

तिथून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. तिनं कोपीत वाकून पाहिलं. "दादा!" म्हणून हाक मारली. मग ओढ्याकडे तोंड करून पुन्हा मारली. केस फार पिकले आहेत तिचे. मसाजी जवळच कातत बसला होता. मी कुठं शिरलो ते त्यानं पाहिलं होतं.

"मसाजीभाऊ, दादा कुठं गेला?"

"हितंच आसंल, बाई," तो मान वर न करता म्हणाला.

ती खाटेवर बसली. माझ्या माठातलं पाणी प्याली. गाडग्यात डोकावून पाहिलं, चटणी तळाला गेली होती, तेव्हा थोडी हसली. मग उठून कोपी झाडून काढली, अंथरूण झटकलं. मी मनाशी म्हणत होतो, आता आणखी एकदा हाक मारली तर उठायचं. तिनं मारली नाही. खाटेखाली माझे जोडे तिला दिसले. एक इकडे, एक तिकडे पडला होता. ते उचलून तिनं शेजारीशेजारी ठेवले, त्यांच्यावर डोकं टेकलं आणि गाडीत जाऊन बसली. अंधाराच्या आत सेनगाव गाठायचं होतं त्यांना.

जोड्यांना मान दिला म्हणजे माणसालाच दिला. माझं चाललं आहे ते बरोबर चाललं आहे. आता ती घरी जाऊन सांगेल आणि दाजींना कोणाला तरी पाठवावंच लागेल.

मी बाहेर आलो तेव्हा गाडी दूर गेली होती. मेंढरं बायकोवर, रूपाबाईवर टाकून मसाजी काठी घेऊन गाडीमागे चालला होता. वाट धोक्याची, बाई एकटी, म्हणून असेल. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

तळपायांना फोड आले आहेत.

वैशाख शुद्ध १.

धुतलेलं धोतर आणायला घरी गेलो. पेटीच्या कुलपापाशी विळ्याचे ओरखडे दिसले. मी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

सगळे निघाले. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घातल्या होत्या, पण आवाज नको म्हणून उत्तमनं त्या काढून आत टाकल्या. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, तुमी नका येऊ. पन किल्ली द्या."

"किल्ली मागायला दाजीनं यावं."

"दाजी मरून राहिलेत, बाबा!"

इतक्या मोठ्यानं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. अनुसया गाडीतून म्हणाली, "चल रे, उत्तम. ऊन व्हईल." माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाकरी टोपल्यात हाय." बस, एवढंच. शालू पाया पडली. तिनं फोड पाहिले, आत गेली आणि एरंडेलाची वाटी आणून माझ्याजवळ ठेवली. फार हळवी आहे. एवढ्या तेवढ्यानं डोळ्यांत पाणी येतं तिच्या.

आता काय होईल ते मला दिसतं. मांडवात भटजी विचारतील, मामाचं पिवळं कुठं आहे? मग धावपळ. दाजींचा भाऊ घोड्यावर बसून येईल. मागे गाडी येईल, कदाचित हलगीही. मी लगेच उठणार नाही. आधी त्याला पाणी विचारीन. बसा म्हणेन. प्रवास कसा झाला म्हणेन. मग तो हात जोडील आणि सगळ्यांदेखत म्हणेल, "चला, उकंडराव."

वैशाख शुद्ध ३. आखजी.

सकाळी लवकर अंघोळ केली. धुतलेलं नेसलो. पिवळं पेटीतून काढून फडक्यात बांधलं आणि शेतात आणून खाटेवर ठेवलं. ते आले की उशीर नको.

ऊन डोक्यावर आलं. वाटेवर कोणी नाही.

दुपारी धूळ दिसली. उठून उभा राहिलो. मग पुन्हा बसलो, कारण वाट पाहत उभं राहिलेलं दिसणं बरं नाही. "ओ मामा!" अशी हाक आली. पुन्हा उठलो. लालसिंग नावाचा बंजारा होता, बैल घेऊन चालला होता. त्याला पाणी पाहिजे होतं. हे लोक वाटेवरच्या कोणालाही मामा म्हणतात.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं माझ्या धोतराकडे आणि बोचक्याकडे पाहिलं. "सणाचं एकले रानात, मामा?"

"लग्नाला चाललोय."

"कुठं हाय लगीन?"

"नाक्यापलीकडं. आज."

तो हसला. "मंग तुमी काल निघाय पायजे व्हतं."

अडाणी लोक आहेत. त्यांना काय सांगणार.

गुरं घरी गेली. गोरज झाली. आता तिकडे अंतरपाट धरला असेल. किंवा धरला नसेल. नसेलच. पिवळं माझ्याजवळ आहे.

गाडगं बोटानं पुसून खाल्लं. चटणी संपली.

वैशाख शुद्ध ७.

काल सगळे परत आले. शालूच्या नखांना हळद होती. मी विचारलं, "कसं झालं?" उत्तम म्हणाला, "झालं." आणि बैल सोडायला गेला.

आज मसाजी मेंढरांपाशी आला. डोक्याला कोरं पागोटं होतं, लाल. मला पाहिल्यावर त्यानं ते काढलं आणि काखेत धरलं.

"पिवळं कुठून आणलं त्यांनी?" मी विचारलं.

"दाजीचं एक कोरं धोतर व्हतं. नर्मदाबाईनं घरी गेल्या गेल्या हळदीच्या पान्यात बुडवलं. पोरगी तेच नेसली. काठाला टाका घालून जरा बरं केलं बायांनी."

"अन् पाठीशी कोन हुभं राहिलं?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"म्या म्हनलो, बाई, मी धनगर, माझं हितं काय काम. तर म्हनल्या, माझ्या गावचा तो माझा भाऊ. तिकडचे लोक कुरकुरले जरा. पन दाजींना खाटेसकट गाडीत घालून नेलं व्हतं, त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं, वाट चालून आला तोच मामा. मंग कोनी बोललं न्हाई."

मी बांधावरचं एक ढेकूळ उचलून फोडलं.

"पोरगी मातर सारखी मांडवाच्या दाराकडं पाहून राहिली व्हती," तो म्हणाला. "अंतरपाट धरला तरी मान तिकडंच. भटानं दोनदा दटावलं."

नवऱ्या मुलीचं लक्ष असं भलतीकडे असू नये. नर्मदेनं वळण लावलेलं नाही.

मग त्यानं काखेतलं पागोटं माझ्यापुढे केलं. "उकंडबा, हे तुमचंच हाय. म्या नुसतं आनलं."

"दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरलेलं मी घालत नाही."

"बराबर हाय," तो म्हणाला आणि मेंढरांकडे गेला. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

कशासाठी? आज लिहीत नाही.

ज्येष्ठ वद्य २.

संतरामदाजी गेले. सांगायला मुंजाजीच आला. या वेळी मी माणूस कोण आलं ते पाहिलं नाही. उत्तमनं गाडी जुंपली आणि आम्ही गेलो. त्या घरी जायला मला एवढं सोपं कधी गेलं नव्हतं.

ओसरीवर माणसं बसली होती. मला पाहून दोघं-तिघं सरकले आणि मध्ये जागा दिली. दुखवट्याला आलेल्या मेव्हण्याला जागा देतात. मी बसलो. जागा चांगली मोठी होती.

चतुरी सासरी होती. वाटा बंद, तिला कळवता आलं नाही. नर्मदा भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ गेलो. काय बोलावं ते वाटेनं ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. तिनंच हळू विचारलं, फक्त मला ऐकू येईल इतकं.

"दादा, त्या दिशी पाय लई भाजले आसतील न्हाई?"

तिला हे कसं कळलं, याचा मी परतीच्या वाटेवर विचार करत होतो. सेनगाव मागे पडल्यावर आठवलं. जोडे खाटेखाली होते. त्या उन्हात जोडे टाकून माणूस लांब कसा जाईल?

म्हणजे जाळी कोणती तेही तिला कळलं असणार. ओढ्याकडे तोंड करून हाक मारली होती तिनं.

आश्विन शुद्ध १०. दसरा.

निजामाचं राज्य गेलं. पारावर आता सगळेच मोठ्यानं बोलतात. कोण किती शूर होतं ते सांगतात. मी ऐकतो. एकदा मीही तोंड उघडलं होतं, पण सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

मास्तर परत आले. सोनं द्यायला गेलो. आपट्याची पानं हातात घेऊन त्यांनी आधी वहीचंच विचारलं.

"लिहिता ना, उकंडराव? ओळख झाली का स्वतःची?"

"झाली."

"मग?"

"मग काय, मास्तर? ओळख झाली म्हणून घरी बोलवावंच असं थोडं आहे?"

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. "वही दाखवा कधी," म्हणाले. मी म्हणालो, उंदरांनी खाल्ली.

मान राखा म्हणून त्यांनी सांगितलं होतं. कोणापासून राखायचा ते सांगायला हवं होतं. दाजी आजारी होते, मुंजाजी हसरा होता, नर्मदेनं कोपी झाडली, पोरीनं चटणी पाठवली. यातलं माझा मान घ्यायला कोण आलं होतं? पण हे मास्तरांच्या तोंडावर म्हणालो नाही. त्यांनी राव म्हणायचं सोडलं तर मग कोणीच उरत नाही.

कार्तिक शुद्ध २. भाऊबीज.

दरवर्षी नर्मदा येते. लग्न होऊन गेली तेव्हापासून एक भाऊबीज चुकली नाही तिची. पटकीच्या सालीही आली होती. सकाळपासून पाट मांडून ठेवला. विधवा बाई ओवाळील की नाही याचा विचार केला आणि ठरवलं की ओवाळलं नाही तरी चालेल, नुसतं समोर बसलं तरी चालेल. अनुसयेनं पुरण घातलं. मी तिला घालू नको म्हणालो नाही.

दुपारी घुंगरं वाजली. आता घुंगरं वाजवायला भीती नाही. मी दारात आलो. गाडीत चतुरी होती. हाकायला तिचा नवरा, चांगला उंच पोरगा. नर्मदा नव्हती.

गाडी आमच्या दारावरून गेली, पण थांबली नाही. गावाच्या कडेला मसाजीच्या पालाकडे वळली. रीतच आहे. पाठीशी जो उभा राहिला त्या मामाची चोळी नवरीनं पहिल्या दिवाळीला आधी घ्यायची. मला ठाऊक होतं. तरी गाडी वळताना मी हात वर केला होता. तो तसाच खाली आणता येईना, म्हणून डोकं खाजवलं. मुंजाजी खाजवतो तसं.

तिकडे मेंढरं ओरडली, रूपाबाईचं हसणं ऐकू आलं. मी दारातच उभा राहिलो. या वेळी आत गेलो नाही, जाळीतही शिरलो नाही. जोडे पायात होते.

ती आली तेव्हा अंगात नवी हिरवी चोळी होती. जाडीभरडी. ती आणि नवरा जोडीनं पाया पडले. मी विचारलं, "आई?"

"ती म्हनली, दादाला म्हनावं वाट नको पाहू. ऊन लागतं." एवढं सांगून ती दुसरीकडे पाहू लागली. अंगावर मांस आलं आहे तिच्या. सासर बरं असावं.

मी आत जाऊन पेटी उघडली आणि पिवळं आणलं. घडी मोडलेली नव्हती. दोन्ही हातांवर धरून तिच्यापुढे केलं. तिनं त्याच्यावरून हात फिरवला. बोटं जरीच्या काठावर थांबली.

"लई चांगलं हाय," ती म्हणाली. "पन पिवळं बोहल्यावर नेसतेत. आता मी काय करू याचं?" मग शालूच्या कडेवरच्या लेकराकडे पाहून हसली. "राहू द्या. हिच्या लग्नात हिचा मामा इसरला तर व्हईल."

कोणी हसलं नाही. ती मनाला लावून बोलली नव्हती, तोंडातून गेलं. तिलाच कसंसं झालं. तिनं पटकन जवसाच्या चटणीचं गाडगं काढून अनुसयेच्या हातात दिलं. जेवली. लेकराला घेतलं. ऊन उतरायच्या आत ते निघाले.

गाडीत बसल्यावर तिनं पदर सावरला आणि मला हाक मारली.

"येते मी, उकंडमामा."

काही चुकलं नव्हतं तिचं. दोन मामा असले की नाव लावावं लागतं. आणि आवाज गोड होता, त्यात टोमणा नव्हता. माझं नाव इतक्या मायेनं आजवर कोणी घेतलं नव्हतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी आत आलो. पिवळं पेटीत ठेवलं. कुलूप लावलं नाही. कडदोऱ्याची गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवली आणि किल्ली अनुसयेपुढे धरली.

तिनं ती घेतली. विळ्याचे ओरखडे होते तिथं कुलपावर अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

"आता काहून?"